विकास आराखडा, झोन आणि मोकळ्या जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत लोकांनी पुन्हापुन्हा पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या गावांतून आलेले आहेत. कायदा मात्र राज्यभर एकच आहे, त्यामुळे नाशिक, कोल्हापूर किंवा अकोल्यातल्या वाचकालाही ही उत्तरं उपयोगी पडतील. मुंबईची बांधकाम नियमावली वेगळी असल्याने जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विकास आराखडा म्हणजे नक्की काय? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आमचा त्याच्याशी काय संबंध?

शहरातल्या प्रत्येक जमिनीचा पुढच्या साधारण २० वर्षांत कशासाठी वापर होईल, हे ठरवणारा नकाशा आणि त्यासोबतचा अहवाल म्हणजे विकास आराखडा, बोलीभाषेत डीपी. राहायची वस्ती कुठे, उद्योग कुठे, शेती कुठे राहील, कोणता रस्ता किती मीटर रुंद होईल, शाळा, दवाखाना, मैदान, बाग, दफनभूमी यांच्यासाठी कोणत्या जागा राखून ठेवल्या, हे सगळं त्यात असतं. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होतो. लोक त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा संबंध सरळ आहे. खिडकीसमोरची मोकळी जागा उद्या बाग होणार की बारा मजली इमारत, आणि सोसायटीच्या भिंतीला लागून २४ मीटरचा रस्ता येणार का, हे या नकाशात आधीच लिहिलेलं असतं. आपण ते वाचलेलं नसतं, एवढंच.

२. आमचं गाव महापालिकेत आलंय. मग आम्हाला महापालिकेचा आराखडा लागू झाला का?

लगेच होत नाही. हद्द वाढली की कर महापालिका घ्यायला लागते, पण जमिनीच्या वापराचे नियम आधीच्या मंजूर आराखड्याचेच राहतात. नवा आराखडा मंजूर होईपर्यंत जुना चालतो.

पुण्यातला गुंता बघा. जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीएमआरडीएने प्रारूप आराखडा, म्हणजे हरकतींसाठीचा मसुदा, प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. मधल्या काळात ‘नव्या डीपीत आमची जमीन यलो झोनमध्ये (म्हणजे रहिवासी पट्ट्यात) आली आहे’ असं सांगून झालेले व्यवहार किती असतील याचा विचार केला तरी वाईट वाटतं. प्रारूप म्हणजे मंजूर नव्हे, हे जमीन घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: आमच्या गट नंबरला *आज* कोणता मंजूर आराखडा लागू आहे, आणि बांधकाम परवानगी कोण देतं? याचं उत्तर लेखी घ्या.

३. माझी जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, हे कसं कळेल?

झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात, आणि ग्रामीण भागात जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा जोडून अर्ज करायचा, शुल्क भरायचं. मुंबईत यालाच डीपी रिमार्क म्हणतात.

दाखल्यात तीन गोष्टी बघा. पहिली, झोन: रहिवासी म्हणजे नकाशातला पिवळा पट्टा, शेती म्हणजे हिरवा. दुसरी, आरक्षण आहे का, आणि असेल तर पूर्ण गटावर की काही भागावर. तिसरी, आखलेला रस्ता जमिनीतून जातो का. दाखल्यात ‘भागशः’ हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. तुमचा हिस्सा नेमका कोणत्या बाजूला येतो, हे मोजणी नकाशा आराखड्यावर बसवल्याशिवाय कळत नाही.

४. सातबारा स्वच्छ आहे, एजंटने झोनचा नकाशा मोबाइलवर दाखवला. एवढं पुरे ना?

पुरे नाही. सातबारा मालकी, वहिवाट, पीकपाणी आणि बोजा सांगतो. त्या जमिनीवर शाळेचं आरक्षण आहे की नाही, हे बहुतेक वेळा सातबाऱ्यावर दिसतच नाही. मोबाइलवरच्या नकाशात तो प्रारूप आहे की मंजूर, कोणत्या सालचा आहे आणि नंतर त्यात फेरबदल झाला का, हे कळायला मार्ग नसतो. इसार देण्याआधी प्रश्न ३ मधला दाखला स्वतःच्या हाताने काढा. आयुष्यभराची कमाई घालणार असाल तर ते आठ-पंधरा दिवस थांबा.

५. शेतजमीन रहिवासी झोनमध्ये आली तर पुन्हा एनए करावं लागतं का?

अंतिम विकास आराखड्यात रहिवासी झोनमध्ये असलेल्या, भोगवटादार वर्ग १ च्या (म्हणजे मालकाला मुक्तपणे विकता येणाऱ्या) जमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून वेगळा एनए, म्हणजे अकृषिक वापराचा, आदेश घेण्याची गरज राहिलेली नाही. महसूल संहितेत कलम ४२-अ, ४२-ब, ४२-क आणि ४२-ड घालून ही सोय केली. सरकारकडे किती रक्कम भरायची ते महसूल कार्यालयात विचारा, आणि बांधकाम परवानगी तर लागतेच. कलम ४२-ड खाली गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना रहिवासासाठी अशीच सवलत आहे. वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली, जमीन असेल तर आधी नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, मग बाकीचं.

६. प्रारूप आराखडा जाहीर झालाय. हरकत कशी घ्यायची?

एमआरटीपी कायद्याच्या कलम २६ खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. कुठे ३० दिवस मिळतात, मोठ्या शहरांत ६० दिवसही दिले गेले आहेत. आपल्या शहराच्या सूचनेतली शेवटची तारीख घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. त्या काळात नकाशे आणि अहवाल कार्यालयात पाहायला ठेवावे लागतात, आणि शुल्क भरून उतारे मिळतात.

हरकत साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. त्यात नाव, पत्ता, सर्व्हे किंवा गट नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक, काय चुकलं आहे आणि त्याऐवजी काय हवं, एवढं लिहा. मालकच हरकत घेऊ शकतो हा गैरसमज आहे. वस्तीत मैदान नाही म्हणून भाडेकरूही सूचना देऊ शकतो.

एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यातून संख्या दिसते, मान्य. पण सुनावणीत वजन पडतं ते पुराव्याला: जागेचे तारीख दिसणारे फोटो, मोजणी नकाशा, जुन्या आराखड्यात तीच जागा काय होती याची प्रत, प्रभागाची लोकसंख्या आणि असलेल्या बागांची यादी. दहा अभ्यासपूर्ण हरकती अशा तयार करा की कुणी त्या बाजूला सारू शकणार नाही. शेवटी पोच घ्या, आवक क्रमांकासह.

हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचं उदाहरण. तिथला २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला होता. नागरिकांनी वस्तीवस्तीत नकाशे उलगडून त्या चुका दाखवल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितला. नवं प्रारूप पुढच्या वर्षी आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

७. आराखडा जाहीर होण्याआधीच काही करता येतं का?

येतं, आणि बहुतेक लोक नेमकी हीच वेळ चुकवतात. आराखड्याआधी कलम २५ खाली सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. पुढची सगळी गणितं त्यावर उभी राहतात. त्यात तुमची वीस वर्षं जुनी वस्ती ‘मोकळी जमीन’ दाखवली गेली, तर उद्या तिथे आरक्षण पडू शकतं. खेळाचं मैदान चुकून ‘रहिवासी’ दाखवलं गेलं, तर ते कायमचं जाऊ शकतं. मुंबईत २०१२ मध्ये हा नकाशा लोकांसमोर आला तेव्हा नागरिक गटांनी त्यातल्या असंख्य चुका शोधून दिल्या होत्या. आपल्या शहराने ‘आराखडा सुधारित करण्याचा इरादा’ जाहीर केला की लगेच या नकाशाची प्रत मागायला लागा, गरज पडल्यास माहिती अधिकारात.

८. सुनावणी झाली. आता आराखडा कोण ठरवतं? आणि ‘ईपी’ म्हणजे काय?

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल, मग नियोजन प्राधिकरणाचा निर्णय, मग कलम ३० खाली आराखडा सरकारकडे, आणि कलम ३१ खाली मंजुरी, असा हा प्रवास आहे. २०२२ पासून काही वर्षं अनेक महापालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. आपल्या नगरसेवकाला गाठून ‘आमच्या वॉर्डातलं मैदान का उठवलं’ विचारण्याचा रस्ताच त्या काळात बंद होता. त्याची किंमत मोकळ्या जागांनी मोजली, असं मला वाटतं.

सरकारला एखादा मोठा बदल करायचा असेल तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून पुन्हा हरकतींसाठी जाहीर करावा लागतो. या वगळलेल्या भागाला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. आराखडा मंजूर झाल्याच्या बातमीनंतर लोक निर्धास्त होतात, आणि नेमकी त्यांच्या टेकडीची किंवा मैदानाची ओळ ईपीच्या यादीत असते. ती यादी वाचा.

९. माझ्या प्लॉटवर बागेचं आरक्षण पडलंय. जमीन फुकट जाणार का?

नाही. कलम १२६ खाली जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) देऊन, किंवा भूसंपादन कायद्याने. मुंबईबाहेरच्या नियमावलीत टीडीआर साधारणपणे दाटवस्तीत क्षेत्राच्या ३ पट आणि दाटवस्तीबाहेर २ पट मिळतो. काही आरक्षणांत मालकाने स्वतः ती सुविधा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेल्या जागेत आपलं बांधकाम करायचं, हा समावेशक आरक्षणाचा मार्गही आहे. कोणत्या आरक्षणाला किती, ते नियमावलीत पाहा.

आराखडा अजून प्रारूप असेल तर आधी प्रश्न ६. मंजूर होऊन १० वर्षं उलटली असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

१०. दहा वर्षांत महापालिकेने जागा घेतली नाही. आरक्षण आपोआप उठलं ना?

आपोआप उठत नाही. हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने मालकीची कागदपत्रं जोडून खरेदीची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, मग १२ झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४.

‘पावलं’ म्हणजे काय यावर खूप वाद झाले. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार चालणार नाही, संपादनाकडे नेणारी खरी कायदेशीर कृती हवी. आरक्षण उठल्यावर जमीन लगतच्या जमिनीला जो वापर चालतो त्यासाठी मोकळी होते, आणि सरकारने तसं राजपत्रात प्रसिद्ध करायचं असतं. ते राजपत्र हातात येण्याआधी फ्लॅट बुक करू नका.

११. आम्ही मालक नाही, पण आमच्या वस्तीतलं एकमेव मैदान असंच सुटेल अशी भीती वाटते. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मनापासून आभार, कारण कलम १२७ ची चर्चा नेहमी मालकाच्या बाजूने होते. मैदान वाचवायचं तर महापालिकेला वेळेत पैसे ठेवायला लावायला हवेत, आणि ते काम शेजारीपाजारीच करू शकतात.

माहिती अधिकारात विचारा: आमच्या प्रभागातली आरक्षणं कोणती, त्यांतली किती ताब्यात आली, आणि कोणत्या आरक्षणासाठी कलम १२७ ची नोटीस कोणत्या तारखेला आली. ती तारीख कळली की २४ महिन्यांचा हिशेब तुमच्याकडे आला. मग नगरसेवक, आयुक्त आणि अंदाजपत्रक या तिघांच्या मागे त्या मुदतीत लागायचं. महापालिकेचं अंदाजपत्रक वर्षातून एकदाच होतं, म्हणजे २४ महिन्यांत तुम्हाला दोनच संधी मिळतात. नोटिशी आल्या, फायली फिरल्या, मुदत संपली आणि लोकांना इमारतीचा पाया खणताना कळलं, असं घडू देऊ नका.

१२. बागेच्या आरक्षणाच्या जागी दवाखाना चालेल का? तोही लोकांसाठीच असतो ना?

कागदावर दोन्ही लोकोपयोगी दिसतात, पण आरक्षणाचा प्रकार बदलायचा तर कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते: सूचना, हरकतींची मुदत, सुनावणी, सरकारची मंजुरी. नुसत्या ठरावाने किंवा मंत्र्यांच्या शेऱ्याने ते होत नाही. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी दिली गेली तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्द ठरवलं आणि रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं.

माझं मत विचाराल तर दवाखान्याला दुसरी जागा मिळते, दाट वस्तीतल्या बागेला दुसरी जागा मिळत नाही. कलम ३७ च्या सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात. प्रत्येक वस्तीत त्या वाचणारा निदान एक माणूस हवा.

१३. बिल्डरने लेआउटमधल्या मोकळ्या जागेत क्लबहाउस आणि पार्किंग केलंय. चालतं का?

मुंबईबाहेर बहुतेक शहरांना २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा मोठ्या जमिनीत १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ती सर्व रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते, इतर कुणाला विकता येत नाही. तिच्यावर मर्यादित बांधकाम चालतं: क्षेत्राच्या कमाल १५ टक्के, तेही व्यायामशाळा, क्लबहाउस यांसारख्या कामासाठी. म्हणजे मर्यादेतलं क्लबहाउस चालेल, पट्टे मारून विकलेलं पार्किंग चालणार नाही.

मंजूर लेआउटची प्रत महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर किंवा महापालिकेत मिळते. ती घेऊन जागेवर टेप लावून मोजा. प्रकल्प चालू असताना मंजूर आराखड्यात बदल करायचा तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश घरखरेदीदारांची संमती लागते. करारात आधीच छापलेल्या ‘सर्व बदलांना संमती’ या ओळीवर अवलंबून राहू नका, आणि कुणी तिचा धाक घातला तर घाबरूही नका. जुन्या प्रकल्पाला परवानगी मिळाली त्या वेळची नियमावली पाहावी लागते.

१४. टेकडीवरचा गुंठा स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

घेऊ नये. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट आडव्याला एक फूट चढ असेल तिथे, बांधकामाला बंदी आहे. पुण्यात १९९७ साली आलेल्या गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी राखली आहे. सरकारने २०१५ मध्ये ते आरक्षण कायम केलं. तिथे घर बांधता येत नाही, प्लॉट कितीही आखलेले असोत.

मालकांची बाजूही मांडायला हवी. बीडीपीसाठी मोबदला ८ टक्के टीडीआर ठरला, तो इतका कमी आहे की जमीन द्यायला कुणी पुढे येत नाही. मग तुकडे पडतात, पत्रे उभे राहतात, आणि फसतो तो गावाकडून आलेला, भाड्याला कंटाळलेला माणूस. टेकडी राखायची तर शेतकऱ्याला रास्त मोबदला द्या, हे टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या आपण सर्वांनी मोठ्याने म्हणायला हवं.

१५. नदीकाठच्या जमिनीवर निळी आणि लाल रेषा दाखवली आहे. कुठपर्यंत बांधता येतं?

निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधकामाला परवानगी मिळू शकते. सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ मध्ये जे भोगलं ते पाहिल्यावर, परवानगी मिळत असली तरी लालच्या आत घर घेऊ नये असंच मी सांगेन.

१६. मोठ्या प्रकल्पांत गरिबांसाठी २० टक्के घरं असतात म्हणे. ती कुठे मिळतात?

१० लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या जमिनीवर समावेशक गृहनिर्माण बंधनकारक आहे. आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३० ते ५० चौरस मीटरची घरं ठेवावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. अर्ज फक्त म्हाडाच्या अधिकृत सोडतीत करा. ‘वीस टक्क्यांतलं घर काढून देतो’ म्हणून रोख मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

१७. आमचं घर गुंठेवारीत आहे. नियमित होईल का?

गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट. त्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्याची कट-ऑफ तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. त्याआधीचं बांधकाम असेल तर प्रशमन (दंडवजा) आणि विकास शुल्क भरून अर्ज करता येतो. वीजबिल, करपावती, खरेदीचा कागद यांतून तारीख सिद्ध करावी लागते. अर्जाआधी प्रश्न ३ मधला दाखला काढा, कारण जागा आरक्षणात, रस्त्यात किंवा प्रश्न १४-१५ मधल्या पट्ट्यात असेल तर नियमित होण्याची आशा धरून शुल्क भरू नये.

१८. रस्तारुंदीसाठी वडाचं जुनं झाड तोडायची नोटीस लागली आहे.

नोटिशीतल्या मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली: ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणून हरकतीत झाडाचं वय कसं काढलं आणि भरपाईची झाडं कुठे लावणार, हे दोन प्रश्न जरूर विचारा. रस्त्याची आखणी आराखड्यात मंजूर असेल तरी झाडाची परवानगी वेगळी लागते.

१९. मी परदेशात असतो, जमीन गावी आहे. हरकत तिथून पाठवता येईल का?

येईल. सूचनेत ईमेल किंवा ऑनलाइन सोय दिली असेल तर ती वापरा, नाहीतर सही केलेली हरकत भावाबहिणींपैकी कुणामार्फत आवक-जावक विभागात द्या आणि पोचेचा फोटो मागवून घ्या. सुनावणीला तुमच्या वतीने बोलणाऱ्याजवळ अधिकारपत्र हवं. कलम १२७ च्या नोटिशीसाठी मात्र रीतसर मुखत्यारपत्र करा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, कारण मालकी सिद्ध करता आली नाही तर ती नोटीस टिकणार नाही.